आपत्तीनंतरचे भय आणि त्यावरील उपचार

(ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवरच कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे दगावली. घरांचे पंचनामे झाले, नवी गावठाणे वसली. जी माणसे वाचली त्यांच्या मनाची पडझड मात्र पंचनाम्याच्या कोणत्याच रकान्यात बसणारी नव्हती. मानसोपचारतज्ज्ञांनी पुढे तेथे पाहणी केली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अहवालात आघातोत्तर तणाव विकार व तीव्र नैराश्य यांची नोंद ठळकपणे झालेली आहे.

हा आघातोत्तर विकार म्हणजे भित्रेपणा नव्हे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यातून परतलेल्या सैनिकांत तो दिसला, तेव्हा कित्येकांना भेकड ठरविले गेले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात त्याला आजचे नाव मिळाले ते १९८० मध्ये. घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, भयस्वप्ने, झोप उडणे, किरकोळ आवाजाने दचकणे आणि त्या प्रसंगाची आठवण देणारी प्रत्येक गोष्ट टाळणे, ही त्याची लक्षणे होत. आपत्तीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असे होणे स्वाभाविक आहे व बहुसंख्य माणसे औषधावाचून सावरतात. महिना उलटूनही लक्षणे हटत नसतील आणि कामधंदा अडत असेल, तर मात्र तो विकार समजावा.

यातील टाळणे हे लक्षण नीट समजून घेतले पाहिजे, कारण उपचाराची किल्ली तेथेच आहे. भूकंपातून वाचलेला माणूस छताखाली झोपत नाही. अंगणात झोपल्याने त्याला त्या रात्रीपुरते बरे वाटते. पण छताखाली राहूनही काही होत नाही, हा अनुभव त्याच्या मनाला कधी मिळतच नाही. परिणामी भय जसेच्या तसे टिकते. म्हणून ‘झाले ते विसरून जा’ हा आपला नेहमीचा सल्ला, कितीही मायेने दिलेला असला तरी, रोगाच्याच बाजूचा आहे.

जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात भयाला पायरीपायरीने सामोरे नेण्याची पद्धत मांडली. एडना फोआ यांनी पुढे आघातग्रस्तांसाठी स्वतंत्र उपचार विकसित केला. वरच्या उदाहरणातील माणूस प्रथम दिवसा उंबऱ्यावर बसेल, मग ओसरीवर, मग दार उघडे ठेवून दुपारी आत लवंडेल, आणि शेवटी रात्री आत झोपेल. त्याचबरोबर तज्ज्ञासमोर तो प्रसंग आरंभापासून अखेरपर्यंत पुन्हा पुन्हा सांगेल. साधारणतः ८ ते १५ बैठका लागतात. सर्ट्रालीनसारखी औषधेही काहींना उपयोगी पडतात.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. घटना घडताच सर्वांना एकत्र बसवून सक्तीने बोलते करण्याची प्रथा काही काळ रूढ होती. तपासणीअंती, अशा एकाच बैठकीने पुढचा विकार टळत नाही असे आढळले. पहिल्या महिन्यात डायझेपामच्या वर्गातील गोळ्या सरसकट वाटू नयेत, असेही जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सांगितले आहे. त्या काळात माणसाला हवे असते ते सुरक्षित स्थळ, जेवण, आप्तांचा ठावठिकाणा, आणि तो बोलेल तेवढे ऐकून घेणारा कोणी. माळीणला २०१४ मध्ये आणि इर्शाळवाडीला २०२३ मध्ये दरडी कोसळल्या. अशा ठिकाणी तज्ज्ञांच्या आधी आपणच पोहोचणार आहात.

तज्ज्ञ मोजके आहेत, ही अडचण खरी आहे. पण गोव्यातील ‘मानस’ या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, ते येथे उपयोगी आहेत. नैराश्य व चिंताविकार यांच्या रुग्णांना प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी, मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली मदत केली. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा स्पष्ट लाभ दिसून आला.

शिक्षकांनी एवढे पाहावे : शाळेत येणारे मूल तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा मांडते काय, मोठे असूनही अंथरूण ओले करू लागले काय, एकाएकी अबोल झाले काय. महिन्यानंतरही हे चालू असेल तर पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठविता येते. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा.