दोष कोणाचा? : संगणकाच्या अडचणींची कारणमीमांसा



मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या बिघाडांवर बोलावे, हे आपणांस विचित्र वाटले असेल. परंतु बिघाडाचे कारण शोधणे हे मुख्यतः तर्काचे काम आहे, आणि तर्कशास्त्र आपल्या परंपरेला नवे नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सांगितलेल्या आठवणी मी १९९८ मध्ये संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. मूळ हस्तलिखित पुढे वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडले. गेल्या वर्षी ती फाइल उघडली, तो पडद्यावर मराठीचे एक अक्षर दिसेना. रोमन अक्षरांची आणि चित्रविचित्र चिन्हांची नुसती रास! आदल्या रात्री वीज गेली होती. एकाने निदान केले, विजेने फाइल बिघडली. दुसऱ्याने व्हायरसचे नाव घेऊन सारे पुसून टाकण्याचा सल्ला दिला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसा हा काकतालीय न्याय होता.

कारण ठरविण्याची आपल्या शास्त्रकारांची कसोटी अन्वय-व्यतिरेकाची. कारण असेल तेथे कार्य असणे हा अन्वय. कारण नसेल तेथे कार्य नसणे हा व्यतिरेक. मी प्रथम फाइलची प्रत काढली आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवरच केले. त्याच संगणकावर मराठीतील नवे लेख स्वच्छ दिसत होते. म्हणजे पडदा निर्दोष. २००३ मध्ये काढून कपाटात ठेवलेल्या सीडीवरील प्रतही तशीच उमटली. तिला त्या रात्रीच्या विजेचा स्पर्शही नव्हता. म्हणजे वीजही निर्दोष. शेवटी जुना फॉन्ट मिळवून बसविला, आणि गुरुजींचे शब्द प्रकट झाले. फॉन्ट काढताच ते पुन्हा लुप्त! संगणक बदलताना तो फॉन्ट मागे राहिला होता, एवढेच खरे कारण.

त्या काळच्या अनेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीची रूपे बसविलेली असत. फॉन्ट गेला की उरतात ते रोमन क्रमांक. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतंत्र क्रमांक दिले. 'क'चा क्रमांक २३२५. तेथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसली, तरी साठविली जाते नंतर. जुन्या फॉन्टांत ती बहुधा आधीच साठवीत. म्हणून रूपांतरानंतर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटू शकते, आणि डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करावे लागते.

छपाई होत नसो वा यंत्र मंदावलेले असो, प्रश्न तेच: शेवटी काय बदलले? हाच दोष अन्यत्र दिसतो काय? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन बदलल्या, तर दोष गेला तरी कारण कळत नाही.

गुरुजींच्या आठवणींतील काही शब्द मला अद्याप लागलेले नाहीत. खुणा केलेली प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. ज्यांनी त्यांना वर्गात ऐकले, त्यांनी ती अवश्य पाहावी. त्या शब्दांचा उलगडा यंत्राकडून होणार नाही. तो आपल्या स्मरणातूनच व्हावयाचा आहे.