थिबा राजवाड्यातील स्त्रिया



आज वर्धापनदिनी मला चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी सातवी शिकलेली, घरात राबणारी बाई. म्हणून विषयही घराचाच घेतला. घर मात्र राजाचे आहे, रत्नागिरीचा थिबा राजवाडा. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तोवर आपले धामापूर रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तेव्हा हा वाडा आपल्याला परका नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला कैद केले. १८५८ साली दिल्लीच्या बहादूरशहाला रंगूनला धाडले होते. आता तिकडचा राजा इकडे आणला. आपल्या माणसांत राहिला तर प्रजा उठेल, ही सरकारला भीती.

त्या प्रवासात सुपयालत राणी गरोदर होती. तिसरी मुलगी १८८६ साली मद्रासेस झाली, चौथी पुढल्या वर्षी रत्नागिरीस. परमुलखातली ती बाळंतपणे कशी गेली असतील, हे आपणां बायकांना वेगळे सांगायला नको.

राजवाडा पुरा झाला १९१० साली. उतरती छपरे, कोरीव लाकडाच्या अर्धगोल खिडक्या, दूरवर समुद्र. पण तोवर थोरली राजकन्या तिशीची झाली होती. राजकुळातला वर मिळेना, म्हणून मुली तोवर बिनलग्नाच्याच होत्या. घर कितीही मोठे असो, त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती असली की तो तुरुंगच.

१९१६ साली राजा वारला. १९१९ साली कुटुंब ब्रह्मदेशी परतले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली. राजाच्या पदरी दरवान असलेल्या गोपाळ सावंत यांच्यापासून तिला १९०६ साली मुलगी झाली होती, तिचे नाव टूटू. राजकन्या १९४७ साली वारली. राजाची ही नात मराठी बोलत, गरिबीत संसार करीत रत्नागिरीतच राहिली व २००० साली वारली.

राजवाड्यात आता संग्रहालय आहे. तेथे गेलात तर खिडक्या जरूर पाहा, पण त्यांच्याआड आयुष्य काढलेल्या बायकांचीही आठवण ठेवा.

आपल्या गावच्या जुन्या घरांचेही असेच आहे. कोणी बांधले ते सारे सांगतात. ते कोणी सारवले, तिथली चूल कोणी पेटती ठेवली, ते कोणी विचारीत नाही. माझी विनंती एवढीच, की प्रत्येकीने आपल्या घरातल्या सासू, आजेसासूंची नावे, त्यांची माहेरे वहीत लिहून आणावी व मंडळाने ती वही जपावी.