हत्याराची बढती

मनुष्याच्या हातीं आलेलें साधन त्याला कायमचें पुरत नाहीं, हा नियम फार जुना आहे. डहाणू आणि घोलवडच्या वाड्यांत चिकू उतरविणारा मजूर लांब बांबूच्या टोकाला जाळीची झोळी बांधलेला झेला वापरतो. कारण नुसत्या काठीनें फळ पाडलें तर तें जमिनीवर आपटून नासतें. त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिडाच्या होड्यांवर यंत्रें चढलीं आणि सुती जाळ्यांची जागा नायलॉनच्या जाळ्यांनीं घेतली. साधन सुधारलें कीं काम सोपें होतें, आणि काम सोपें झालें कीं मनुष्य अधिक अवघड कामाला हात घालतो. संसाराच्या या साध्या व्यवहाराचें एक चमत्कारिक प्रतिबिंब आज त्याच डहाणूंतील मुलाच्या हातांतल्या मोबाइलच्या पडद्यावर दिसतें. एखाद्या वीराची भूमिका घेऊन खेळावयाच्या व्हिडिओ गेममध्यें शस्त्रें, चिलखतें आणि इतर सरंजाम पायरीपायरीनें वाढविण्याची जी पद्धत आहे, तेंच हें प्रतिबिंब होय. विषय वरवर पोरखेळाचा दिसतो. परंतु या बढतीच्या पायीं मुलांचे तासन् तास आणि आईबापांचा पैसा खर्च होत असल्यामुळें, ती कशी चालते हें जाणून घेणें खेळणारापेक्षांही न खेळणारास अधिक अगत्याचें झालें आहे.

या पद्धतीचा उगम यंत्रांत नाहीं. तो कागद आणि फांसे यांत आहे. सन १९७४ मध्यें अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा बैठा खेळ प्रसिद्ध केला. चारपांच गडी मेजाभोंवतीं बसावयाचे, प्रत्येकानें एकेका वीराची भूमिका घ्यावयाची, आणि वार लागला कीं हुकला हें फांशानें ठरवावयाचें, असा तो खेळ. त्यांत मंत्रसिद्ध तलवारीला ‘अधिक एक’, ‘अधिक दोन’ असा अंक जोडलेला असे. तो अंक फांशाच्या दानांत मिळवावयाचा. तलवारीचें मोठेपण वर्णनांत न ठेवतां अंकांत ठेवण्याची ही युक्ति पुढें संगणकाला फारच सोयीची झाली.

अंकांचा हा हिशेब शहाणपणानें मांडला म्हणजे किती गोडी येते याचें उत्तम उदाहरण जपानांतील ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या सन १९८६ च्या खेळांत सांपडतें. युजी होरी यांनीं रचलेल्या या खेळांत राजा वीराला मोहिमेसाठीं १२० मोहरा देतो. गांवच्या दुकानांत बांबूची काठी १० मोहरांना, सोटा ६० ना आणि तांब्याची तलवार १८० ना मिळते. अंगावर घालावयाचे साधे कपडे २० ना आणि चामड्याचें चिलखत ७० ना. आतां वीरानें काय करावें? तलवार तर आवांक्याबाहेरच आहे. सोटा आणि चामड्याचें चिलखत दोन्हीं घ्यावींत तर १३० मोहरा पडतात. म्हणजे नेमक्या दहा मोहरा कमी! सोटा घेऊन साध्या कपड्यांवर भागवावें, कीं चिलखत घेऊन हातीं काठीच धरावी, हा प्रश्न खेळणारानें स्वतः सोडवावयाचा असतो. त्यांतच दुकानदार जुनें शस्त्र परत घेतो तें अर्ध्या किंमतीला. तेव्हां आज सोटा घेणें म्हणजे उद्यां तलवार घेतांना तीस मोहरांचा तोटा सोसणें होय. आठवड्याच्या बाजारांत मोजक्या रुपयांत घर चालविणाऱ्या गृहिणीला हा पेंच समजावून सांगावा लागणार नाहीं. बढतीचा खरा रस मोठ्या तलवारींत नसून या निवडींत आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. अंक वाढला म्हणजे बळ वाढलेंच असें खेळणारास वाटतें. परंतु तसें नेहमीं नसतें. समजा, एका राक्षसाचें आयुष्य ६० अंकांचें आहे आणि तलवारीचा प्रत्येक घाव १० अंकांचा आहे. तर तो सहा घावांत पडेल. तलवार सुधारून घाव १२ चा केला तर पांच घाव पुरतात. पुन्हां खर्च करून तो १४ चा केला तरीही पांचच घाव लागतात. म्हणजे हा दुसरा खर्च त्या राक्षसापुरता वायां गेला. घाव १५ चा होईल तेव्हांच एक घाव वांचेल. म्हणून जाणता खेळाडू तलवारीवरचा अंक पाहत नाहीं. शत्रु एक घाव लवकर पडतो कीं नाहीं, आणि त्याचा एक वार अधिक सोसतां येतो कीं नाहीं, एवढेंच पाहतो. साधनाची किंमत त्याच्या चकाकीवर न करतां त्यानें वांचविलेल्या श्रमावर करावी, हा धडा पडद्याबाहेरही उपयोगी पडण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट अधिक खोल आहे. खेळांत तलवार वाढते तसे राक्षसही वाढतात. पहिल्या रानांतले प्राणी एका घावांत पडूं लागले कीं पुढच्या रानांतले पांच घाव मागूं लागतात. वीर धांवत असतो, परंतु त्याच्या पायांखालची वाटही मागें सरकत असते. खेळ रचणाराला हें करावेंच लागतें. कारण अडचण संपली कीं खेळही संपला. येथें मात्र खेळ आणि संसार यांच्या वाटा वेगळ्या होतात. मच्छीमाराची होडी मोठी झाली, यंत्र जोरकस झालें, जाळें लांबलें, म्हणून समुद्रांतली मासळी कांहीं वाढत नाहीं. उलट डिझेलाचा आणि कर्जाच्या हप्त्याचा भार वाढतो, आणि तो फेडण्यासाठीं अधिक दूर जावें लागतें. खेळांतला खजिना रचणाऱ्याच्या लेखणींतून निघतो, समुद्रांतला निसर्गाच्या पोटांतून. महाराष्ट्रांत सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा सन १९८१ पासून आहे तो याच कारणानें. साधन वाढविण्याला खेळांत मर्यादा रचणारा घालतो. संसारांत ती समाजालाच घालून घ्यावी लागते.

बढतीची पद्धत कांहीं रचनाकारांनीं फार सुंदर वळणानें नेली आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘मॉन्स्टर हंटर’ या सन २००४ च्या खेळांत शिकारी स्वतः अनुभवाच्या अंकांनीं बळावत नाहीं. तो ज्या महाकाय जनावराची शिकार करतो त्याचें कातडें, हाडें आणि खवले घेऊन लोहाराकडे जातो, आणि त्यांतूनच पुढचें शस्त्र घडतें. त्यामुळें अंगावरचें प्रत्येक चिलखत म्हणजे एका झुंजीची आठवण असते, आणि चिलखत चांगलें असलें तरी जनावराची चाल ओळखण्याचें कसब खेळणारालाच अंगीं बाणवावें लागतें.

महाराष्ट्रांतही या कलेचा एक चांगला नमुना घडला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेनें सन २०२० मध्यें ‘राजी’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. सन २०१७ मध्यें लोकवर्गणीनें पैसा उभारण्याचा तिचा प्रयत्न सफल झाला नव्हता. तरी काम सोडलें गेलें नाहीं. राजी ही कसरती करणारी मुलगी. राक्षसांनीं पळविलेल्या गोलू या आपल्या धाकट्या भावाला ती शोधीत निघते, आणि तिची कथा देवी दुर्गा व विष्णु यांच्या संवादांतून उलगडत जाते. तिच्या हातीं प्रथम त्रिशूळ येतो, पुढें धनुष्य व ढालतलवार. वाटेंत मिळालेल्या शक्तीच्या गोळ्यांनीं या शस्त्रांत वीज, अग्नि किंवा हिम यांचे गुण भरतां येतात. विशेष हा कीं एकदां दिलेला गुण काढून घेऊन दुसऱ्या ठिकाणीं लावण्यास मोकळीक आहे. चुकलेल्या निवडीचा दंड येथें नाहीं. निरनिराळे प्रयोग करून पाहण्यास उत्तेजन आहे. या खेळांत बढती म्हणजे नुसता मोठा अंक नव्हे, लढण्याची निराळी रीत होय.

आतां या चित्राची काळी बाजू. जोंपर्यंत शस्त्राची किंमत खेळांतल्या मोहरांत होती तोंपर्यंत खर्च होई तो वेळेचा. पुढें त्यांत दोन गोष्टी शिरल्या: दैव आणि खरा पैसा. सन २०१२ मध्यें ब्लिझर्ड कंपनीच्या ‘डायब्लो ३’ या खेळांत खेळाडूंनीं आपलीं शस्त्रें एकमेकांना खऱ्या पैशानें विकावींत यासाठीं लिलावघर उघडण्यांत आलें. झालें काय, कीं राक्षस मारून शस्त्र मिळविण्यापेक्षां बाजारांतून विकत घेणें सोपें ठरलें, आणि ज्या कामासाठीं खेळ मांडला तेंच काम निरर्थक झालें. शेवटीं कंपनीनेंच मार्च २०१४ मध्यें तें लिलावघर बंद केलें. मेहनतीची जागा पैशानें घेतली कीं खेळाचा जीव जातो, हें खुद्द दुकानदारानेंच कबूल केल्यासारखें झालें.

दैवाची गोष्ट याहून नाजूक आहे. कोरियांतून आलेल्या कित्येक ऑनलाइन खेळांत शस्त्र सुधारण्याचा प्रयत्न यशस्वी होईलच असें नसतें; क्वचित् शस्त्र मोडूनही जातें. अशा ठिकाणीं मनुष्याचें मन गणितांत हमखास फसतें. यशाची शक्यता शंभरांत दहा असेल तर दहा प्रयत्नांत यश येणारच, असें त्याला वाटतें. वास्तविक दहा प्रयत्नांनंतरही शंभरांतले सुमारें पस्तीस खेळाडू रिकाम्या हातांनींच राहतात, आणि वीस प्रयत्नांनंतरही सुमारें बारा. प्रत्येक प्रयत्नाला रुपये पडत असतील तर या पस्तीस आणि बारा जणांचें काय होतें, हें सांगावयास नको. मागचें अपयश पुढच्या यशाचें तारण होत नाहीं. फांशाला स्मृति नसते.

आणि फांसा तरी सरळ आहे हें कोणी पाहावें? ‘मेपलस्टोरी’ या खेळांत पोशाख आणि शस्त्रें यांचे सुप्त गुण बदलणारे ‘क्यूब’ पैसे घेऊन विकले जात. चांगले गुण मिळण्याची शक्यता खेळाडूंना न कळवितां कमी केल्याबद्दल कोरियाच्या व्यापारनियामक आयोगानें जानेवारी २०२४ मध्यें नेक्सॉन कंपनीला ११ अब्जांहून अधिक वॉन दंड केला. त्याच वर्षाच्या मार्चपासून तेथें अशा वस्तूंची शक्यता जाहीर करणें कायद्यानें बंधनकारक झालें. बेल्जियमच्या जुगारनियामक आयोगानें तर सन २०१८ मध्येंच पैसे देऊन उघडावयाच्या दैवाच्या पेट्यांना कांहीं खेळांत जुगार ठरविलें होतें. भारतीय संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. दैवाच्या पेटींतून मात्र पैसा निघत नाहीं, तलवार निघते. म्हणून कायद्यावर हवाला ठेवून घरांतील वडील माणसांना निर्धास्त राहतां येत नाहीं.

मग मुलाच्या हातांतील मोबाइल हिसकावून घ्यावा काय? तसें करण्यानें मूल दुसऱ्याच्या मोबाइलवर खेळेल, आणि काय खेळतें हें घरीं कळणार नाहीं. त्यापेक्षां वडील माणसांनीं त्याच्याजवळ बसावें आणि तीन प्रश्न विचारावे. हें हत्यार खेळून मिळतें कीं पैसे देऊन? पैसे देऊन मिळत असेल, तर दिलेल्या पैशाला ठरलेली वस्तु मिळते कीं दैवाची पेटी? आणि हत्यार मिळाल्यावर खेळण्याची रीत बदलते, कीं केवळ अंक आणि रंग बदलतो? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘खेळून’ असें आलें आणि तिसऱ्याचें ‘रीत बदलते’ असें आलें, तर तो खेळ मुलाला काटकसर, निवड आणि धीर या गोष्टी शिकवीत आहे असें समजण्यास हरकत नाहीं. दुसऱ्याचें उत्तर ‘दैवाची पेटी’ असें आलें, तर तेथें खेळ संपून जुगार सुरू झाला आहे. अशा वेळीं पैसे भरण्याचा गुप्त अंक मुलापासून दूर ठेवणें, आणि शंभरांतल्या पस्तिसांचा हिशेब कागदावर मांडून दाखविणें, हीं दोन कामें रागावण्यापेक्षां अधिक गुणकारी होतील.

हत्यार वाढविण्याची हौस वाईट नव्हे. तिच्याच जोरावर मनुष्य काठीवरून झेल्यापर्यंत आणि शिडावरून यंत्रापर्यंत आला. वाईट आहे तो फक्त असा सौदा, ज्यांत हत्यार वाढत जातें आणि तें धरणारा हात मात्र होता तेथेंच राहतो.