नथ, लॉकर आणि कानबाई
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



चेअरमन साहेबांनी विषय दिला, ‘आपली कुटुंबसंस्कृती’. विषय मोठा आहे, मी माणूस बँकेचा. म्हणून सिद्धांत न सांगता एक जुनी चूक सांगतो. चूक माझीच आहे.

खान्देशात कानबाई कुणाला सांगायला नको. श्रावणात नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. चौरंगावर नारळाची कानबाई मांडायची, तिला डोळे, नाक, नथ, दागिने. भाऊबंद जिथं असतील तिथून येतात. रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मोजायची आमच्याकडची रीत. रात्री जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. तो रोट भाऊबंदांनीच खायचा.

आमच्या कानबाईची नथ आजीच्या सासूची. सोन्याच्या तारेत मोती. सोनेतारणाचे कर्ज देताना मी शेकडो दागिने वजनात पाहिले. त्या हिशोबानं ही नथ काही ग्रॅमची, किरकोळ.

1994 साली माझी बदली धुळ्याला होती. गावाकडे चोऱ्या वाढल्या होत्या, म्हणून मीच दादांना म्हटलं, ‘नथ लॉकरला ठेवतो.’ दादांनी विश्वासानं दिली. पुढे कानबाई आली. तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस. कामाच्या गडबडीत मी विसरलो आणि रविवारी सकाळी शहादा तालुक्यातल्या आमच्या गावी पोचलो. आईनं हात पुढे केला, ‘नथ?’

मी गप्प. रविवारी बँक बंद, आणि सोमवारी बँक उघडेपर्यंत कानबाई गोमाईवर जाऊन आलेली असते. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक खातेदाराची. माझी खिशात होती, तिचा उपयोग शून्य.

वहिनींनी बाजारातली खोटी नथ लावली. कुणी काही बोललं नाही. पण महिन्याभरात भाऊबंदांत बोललं जाऊ लागलं, की धाकट्यानं नथ गहाण टाकली. मी सोनेतारण बघणारा, त्यामुळे लोकांना पटलंही. माझा अभिमान आडवा आला. ‘दादांनी विचारायला हवं होतं,’ असं धरून बसलो. दिवाळीला गेलो नाही, अखाजीलाही नाही. त्या अखाजीला आईनं निरोप धाडला, अहिराणीत: ‘नथनं काय रे? भाऊ रुसना ते बठ्ठं गयं.’

पुढच्या कानबाईच्या आठ दिवस आधी रजा टाकली, नथ काढली आणि दादांच्या हातावर ठेवली. म्हटलं, ‘चुकलो.’ त्यांनी नथ पाहिलीसुद्धा नाही. म्हणाले, ‘गहू मोजायचेत. तुझे मागच्या वर्षीही मोजले होते.’ मी रोटाला नसेन असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मला मात्र वर्षभर राग धरता आला.

तेव्हापासून नथ लॉकरला जात नाही. देवघरातल्या डबीत असते, सोबत एक वही. यंदा कानबाई कुणाकडे, कोण कोण आलं, एवढंच त्यात लिहितो.

आता दादा नाहीत. पुतण्या सुरतेला, मुलगा पुण्याला. गावच्या घराला कुलूप आहे. त्यामुळे गेली काही वर्षं आमची कानबाई या सोसायटीत येते. तुम्ही खुर्च्या देता, गच्ची देता, रात्रभर गाणी चालली तरी तक्रार करत नाही. हे ऋण मोठं आहे.

मागच्या वर्षी नातीनं विचारलं, ‘आजोबा, माझे गहू का नाही मोजले?’ मला उत्तर सुचलं नाही. सौ. म्हणाली, ‘मोजा की.’ मोजले. भाऊबंदांतले दोघे नाराज झाले, पण रोटाला बसले. वहीत तिचं नावही लिहिलं.

माझं वय 74. नथ पुढे कुणाकडे जाईल हे मी ठरवलेलं नाही. ज्याच्या घरी सगळे येतील, त्याच्याकडे जावी. डबी सांभाळणं सोपं आहे हो, माणसं बोलावत राहणं अवघड. ते तुमच्या-माझ्या घरी होत राहो.

जय कानबाई माता.