किती दिवसांतलं विचारायचं?



ही परिषद भाईंदर पूर्वेत, केबिन रोडवर भरवण्याचं कारण साधं आहे. तरुणांच्या व्यसनांचे आकडे अशाच वस्तीतल्या घरांमधून गोळा होतात. वन रूम किचनमध्ये आई ओट्याशी उभी असताना सोळा वर्षांचा मुलगा सिगारेटबद्दल काय सांगणार, हे प्रश्नावल्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना चांगलं ठाऊक आहे. पण मुलगा एकटा असला, खरं बोलायची तयारी असली, तरी उत्तर बदलू शकतं. प्रश्न किती दिवसांचा आहे, तेवढ्यावरून.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ १९७५पासून शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांची व्यसनांबद्दल दरवर्षी पाहणी करतं. त्याच मुलांना, त्याच प्रश्नावलीत, गेल्या तीस दिवसांत किती वेळा आणि गेल्या बारा महिन्यांत किती वेळा, असं दोन्ही विचारलं जातं. जेराल्ड बॅकमन आणि पॅट्रिक ओमॅली यांनी १९८१मध्ये ही उत्तरं ताडून पाहिली. महिन्याचा आकडा बाराने गुणला, तर वर्षाच्या आकड्याच्या जवळपास तिप्पट भरत होता. मुलं खोटं बोलत होती असं नव्हे. महिन्यातले प्रसंग आठवून मोजता येतात. वर्षाचं उत्तर अंदाजाने दिलं जातं आणि किरकोळ प्रसंग त्यातून गळतात. शिवाय दीड महिन्यापूर्वीची पार्टी ‘याच महिन्यातली’ वाटते, तेव्हा महिन्याचा आकडाही फुगतो.

मग नुसता महिनाच विचारावा का? तेही पुरेसं नाही. जो मुलगा वर्षातून दोनदाच, होळीला आणि एकतीस डिसेंबरला पितो, तो ऑगस्टच्या पाहणीत ‘न पिणारा’ ठरतो. लांबच्या मुदतीत असा मुलगा सापडतो, जवळच्या मुदतीत प्रमाण सापडतं. ‘आयुष्यात कधी?’ या प्रश्नाचाही भरवसा नाही: एका वर्षी ‘हो’ म्हणालेली काही मुलं पुढच्या वर्षी ‘कधीच नाही’ म्हणतात, हे अनेक पाहण्यांत दिसलं आहे.

आपल्याकडे मुदतींच्या घोळाची किंमत मोजून झाली आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५व्या फेरीत, १९९९-२०००मध्ये, अन्नाबरोबर पान, तंबाखू आणि मादक पदार्थांवरचा खर्चही सात आणि तीस दिवसांचा असा शेजारी शेजारी विचारला गेला. लोकांनी एक उत्तर दुसऱ्याशी जुळवून दिलं असावं, असा अर्थतज्ज्ञांचा आक्षेप होता; या खर्चाच्या आकड्यांवरून मोजलेली देशातली गरिबी नेमकी किती घटली, यावर त्यानंतर मोठा वाद झाला.

आज बातम्यांमध्ये वेगवेगळ्या मुदतींचे आकडे एकाच रांगेत बसवले जातात. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९मध्ये केलेल्या शालेय पाहणीत १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं सध्या तंबाखू वापरणारी निघाली. तिथे ‘सध्या’ म्हणजे गेले तीस दिवस. त्याच वर्षी ‘एम्स’ने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय अहवालात १० ते ७५ वयाचे १४.६ टक्के लोक सध्या दारू पिणारे निघाले. तिथे ‘सध्या’ म्हणजे गेले बारा महिने. मुदत न सांगता हे आकडे शेजारी छापणं ही वाचकांची दिशाभूल आहे, असं परिषदेची स्वागत समिती स्पष्टपणे म्हणते.

मीरा-भाईंदरमधल्या शाळा-महाविद्यालयांत पुढे जी पाहणी होईल, तिच्यासाठी समितीचा आग्रह आहे: महिना आणि वर्ष दोन्ही विचारा, पण हे दोन प्रश्न एकमेकांपासून दूर ठेवा. गणपती, दिवाळी, परीक्षा, सुट्ट्या यांच्या खुणा असलेलं कॅलेंडर मुलांच्या हातात द्या. मावा, मिशरी, हुक्का, कफ सिरप, एमडी यांची नावं घेऊन विचारा. मिशरी लावणाऱ्या कित्येकांना आपण तंबाखू वापरतो असं वाटतच नाही. आणि प्रत्येक टक्केवारीला तिची मुदत चिकटवूनच ती छापा.

पहिल्या सत्रात प्रश्नावलीचा मराठी मसुदा वाचला जाईल. दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्यांनी त्यावर सर्वांत आधी बोलावं, ही विनंती.