अद्भुत कादंबरीचे पहिले पान

बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबरीला पहिल्या दोन-तीन पानांतच एक अवघड काम उरकावे लागते. जे जग कुठेच नाही, त्याचे नियम वाचकाला पटवायचे असतात, आणि तेही धडा शिकवल्यासारखे न वाटता. सामाजिक कादंबरीला हा त्रास नसतो. एसटीचा थांबा, शाळेची घंटा, घरातली कुरबूर एवढे म्हटले की उरलेले चित्र वाचक स्वतःच पुरे करतो. अद्भुत कादंबरीत मात्र माणसे उडतात की नाही, जनावरे बोलतात की नाही, मेलेला परत येतो की नाही, यातले काहीच त्याला ठाऊक नसते. आणि सगळेच शक्य असले तर कशाचेच नवल वाटत नाही. म्हणून जाणता लेखक आधी एखादा नियम वाचकाच्या गळी उतरवतो आणि मग तो मोडून दाखवतो. वाचक अडकतो तो नियम मोडतो त्या जागी.

या रीतीचा एक जुना आणि फार नेटका नमुना हिंगोली जिल्ह्यात सापडतो. जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि त्यांची विसोबा खेचरांशी गाठ पडली ती औंढा नागनाथला, असे परंपरा सांगते. वारकऱ्यांसाठी ही गुरुभेटीची कथा आहे आणि तिचा अर्थ श्रद्धेच्या प्रांतातला आहे. इथे पाहायची ती केवळ सांगण्याची हातोटी. तरुण नामदेव विठ्ठलाचा लाडका. देव त्याच्या हातचे जेवतो. अशा मुलाच्या डोक्यावर भर संतमेळ्यात गोरोबाकाका थापटणे मारतात, मडके पक्के की कच्चे ते पाहायला. बाकीचे संत गप्प बसून मार खातात. नामदेव चिडतो, आणि कच्चा ठरतो. मग त्याला गुरू शोधायला धाडले जाते. तो औंढ्याच्या देवळात शिरतो तर एक म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय टाकून खुशाल पडलेला. नामदेव त्याला हटकतो. म्हातारा म्हणतो, मला उठवत नाही बाबा, जिथे पिंड नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून दुसरीकडे ठेवतो, तिथे पिंड उगवते. तिसरीकडे ठेवतो, तिथेही उगवते.

या कथेत विसोबांची ओळख आधी कुणी करून देत नाही. त्यांची विद्या, घराणे, योग्यता यांबद्दल एक अक्षर नाही. दिसतात ते पाय. देवाकडे पाय करू नये हा नियम मराठी घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतो, त्यामुळे तो सांगण्यात एक शब्दही खर्ची पडत नाही. तो मोडतो कोण, तर कुणी राक्षस नव्हे, ज्याला गुरू करायचे तोच. नामदेव जे बोलतो तेच ऐकणाऱ्याच्याही मनात आलेले असते, म्हणून नामदेव निरुत्तर होतो तेव्हा ऐकणाराही त्याच्याबरोबर निरुत्तर होतो. चमत्कार येतो तो यानंतर, प्रश्नाचे उत्तर म्हणून. त्याआधी नायकाच्या मनाला एक जखम झालेली असते: चारचौघांत मोठ्या माणसांनी कच्चा ठरवल्याची. पंधरा वर्षांच्या वाचकाला ही जखम समजावून सांगावी लागत नाही.

याच औंढ्याची दुसरी कथा, नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची, जास्त प्रसिद्ध आहे. देवळाच्या मागच्या बाजूला असलेला नंदी तिचा पुरावा म्हणून आजही दाखवतात. पण कादंबरीची सुरुवात म्हणून ती कमी पडेल. देऊळ फिरले की वाद मिटतो, गोष्ट संपते. अख्खे देऊळ फिरवणारा चमत्कार शेवटाला शोभतो. सुरुवातीला उचललेले पाय पुरतात.

मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी सुरुवातीची ही कला नकळत जिथे शिकून घेतली, ती जागा म्हणजे ‘चांदोबा’. या मासिकाची मराठी आवृत्ती 1952 साली सुरू झाली. त्यातल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टीचा आरंभ दर महिन्याला जवळपास तोच असे. राजा झाडापाशी परततो, प्रेत खांद्यावर टाकतो, स्मशानाची वाट धरतो आणि प्रेतातला वेताळ बोलू लागतो. तोच आरंभ वर्षानुवर्षे वाचूनही मुले कंटाळली नाहीत, कारण त्यात दोन नियम एकमेकांना अडवून उभे आहेत. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, आणि बोलला तर मौन मोडेल व प्रेत पुन्हा झाडावर जाईल. मधली गोष्ट कोणतीही असो, राजाची कोंडी कायम. हा साचा ‘चांदोबा’चा नव्हे, अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त तो आहे. पण शंकर या चित्रकाराने काढलेला, एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला राजा डोळ्यांपुढे येतो तो ‘चांदोबा’मुळेच.

आजच्या किशोरवयीन वाचकाच्या हाती पडणाऱ्या परदेशी कादंबऱ्या याच तत्त्वावर चालतात, फक्त नियमाची जागा बदलते. जे. के. रोलिंग यांची 1997 ची पहिली कादंबरी मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आली. ती हॅरीपासून सुरू होत नाही. ती सुरू होते डर्स्ली नावाच्या जाड्या, आत्मसंतुष्ट गृहस्थापासून, ज्याला आपल्या चारचौघांसारखे असण्याचा फार अभिमान आहे. तो सकाळी कामाला निघतो तेव्हा कोपऱ्यावर एक मांजर नकाशा वाचताना दिसते. भरदिवसा घुबडे उडतात. रस्त्यात झगे घातलेली माणसे घोळक्याने कुजबुजतात. डर्स्ली हे सगळे झटकून टाकू पाहतो आणि तो जितका झटकतो तितका वाचक पुढे सरकतो. चमत्कार नाकारणारा माणूस आधी आणायचा, ही युक्ती मोठी आहे. त्याच्या नाकारण्याने चमत्काराला वजन येते.

फिलिप पुलमन यांनी 1995 च्या ‘नॉर्दर्न लाइट्स’मध्ये उलटी वाट धरली. त्यांची लायरा काळोख्या दालनातून पाऊल न वाजवता चालली आहे आणि तिच्यासोबत तिचा ‘डीमन’ आहे, अंधारात दिसू नये म्हणून गडद तपकिरी पतंगाचे रूप घेतलेला. डीमन म्हणजे काय, हे लेखक तिथे सांगत बसत नाही. मुलगी मना केलेल्या खोलीत शिरली आहे, कुणी येते आहे, लपायला हवे, एवढ्यावर वाचकाचे लक्ष खिळलेले असते. खुर्चीच्या आडून तिला पाहुण्यासाठी ठेवलेल्या मद्यात विष कालवले जाताना दिसते. ओरडावे तर चोरी पकडली जाईल, गप्प बसावे तर माणूस मरेल. ही कोंडी वेताळाच्या राजाचीच आहे, वय तेवढे बदलले. चार-पाच पानांनंतर लक्षात येते की या जगात प्रत्येक माणसाला असा प्राणिरूपी सोबती असतो, आणि तोवर वाचकाने ते केव्हाच मान्य केलेले असते.

अर्सुला ले ग्विन यांच्या 1968 च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये सात वर्षांचा एक मुलगा मावशीच्या तोंडचे शब्द ऐकून शेळ्यांना हाक घालतो. शेळ्या येतात, त्याच्याभोवती दाटतात आणि सुटू म्हटले तरी सोडीनात. पोर रडकुंडीला येते. मंत्र येणे वेगळे आणि तो आवरणे वेगळे, हे पुढच्या साऱ्या कादंबरीचे सूत्र त्या शेळ्यांत आलेले आहे. सी. एस. लुईस यांनी 1950 मध्ये याहून साधी तजवीज केली: कपाटात लटकवलेल्या कोटांच्या मागे हात लावावा तर बर्फ.

मराठी कादंबरीला अद्भुताचे वावडे कधीच नव्हते. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. आपल्या समाजातल्या लग्नाच्या आणि संसाराच्या चालीरीतींत कादंबरीजोगे काही घडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, असे रिसबुडांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मांडले आहे. अडचण नेमकी इथे आहे. रोजचे जगणे कंटाळवाणे म्हणून बाजूला सारले की मोडायला नियमच उरत नाही. मग नवलामागून नवल येत राहते आणि वाचक थक्क होतो, पण अडकत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी नाथमाधवांनी ‘वीरधवल’मध्ये रहस्याची जोड दिली आणि वाचकवर्ग मोठा मिळवला. पुढे मात्र मराठी किशोर-साहित्याचा ओढा साहसकथेकडे आणि विज्ञानकथेकडे गेला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, त्यांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचतच मुले मोठी झाली. नारायण धारपांचे अद्भुत गाजले, पण ते मुख्यतः मोठ्यांचे आणि भयाच्या अंगाने जाणारे. ज्या भाषेत कहाण्यांचे आटपाट नगर आहे, तिच्यात चौदा वर्षांच्या मुलीला नायिका करणाऱ्या अद्भुत कादंबऱ्या इतक्या थोड्या असाव्यात, हे काही भूषणावह नाही.

नव्याने लिहिणाऱ्यांच्या सुरुवाती बहुधा ठराविक जागी फसतात. सर्वांत जास्त फसतात त्या हजार वर्षांपूर्वीच्या युद्धापासून आणि सात राज्यांच्या वंशावळीपासून सुरू होणाऱ्या. ज्यांच्याशी अजून ओळख नाही त्या राजांचे वाचकाला सुतक नसते. दुसरी खोड स्वप्नाची. पाच पाने थरार आणि मग ‘तिला जाग आली’. यात वाचकाची फसवणूक होते आणि पुढच्या खऱ्या संकटावरही त्याचा विश्वास बसत नाही. तिसरी खोड नावांची. पहिल्या परिच्छेदात उच्चार न होणारी पाच नावे आली की शाळकरी वाचक पुस्तक मिटतो, आणि यात चूक त्याची नसते.

हिंगोलीच्या परिसरातच अशी सुरुवात बेतायची तर साहित्य घरात पडलेले आहे. समजा वसमतकडचे एखादे गाव, हळदीचा हंगाम. शिजवलेली हळद अंगणात पसरली आहे. घरातल्या प्रत्येकाची नखे, तळवे, कपड्यांच्या कडा पिवळ्या झाल्या आहेत; शाळेत मास्तर वह्यांवरचे पिवळे ठसे पाहून कुणाच्या घरी काढणी चालू आहे ते ओळखतात. एवढा नियम दोन वाक्यांत मांडून होतो. आता त्या घरातली चौदा वर्षांची मुलगी. दिवसभर हळद उलटीपालटी करूनही तिचे हात कोरे. ती मूठ मिटून जेवायला बसते, आणि आजी विचारते, ‘हात दाखव गं.’ यात ना वीज चमकली, ना आकाशवाणी झाली. पण मुलगी काहीतरी लपवते आहे, आजीला काहीतरी माहीत आहे, आणि दोघींपैकी आधी कोण बोलणार हे कळल्याशिवाय पान सोडवत नाही. हेच उघड करून ‘तिच्यात दैवी शक्ती होती’ असे पहिल्या ओळीत लिहिले, तर पुढच्या पानाला काम उरत नाही.

सुरुवात कोणाच्या तोंडून व्हावी, हा प्रश्न चवीचा आहे. नायकाने ‘मी’ म्हणून बोलायला सुरुवात केली की जवळीक लगेच साधते. किशोर वाचकाला ती आवडते. पण त्यात मोठी अडचण आहे. त्या जगात जन्मलेल्या मुलाला तिथले काहीच नवल वाटायला नको, आणि वाचकाला तर वाटायला हवे. म्हणून ‘मी’चा निवेदक बहुधा बाहेरून आलेला, वाळीत पडलेला किंवा स्वतःबद्दल अंधारात ठेवलेला असतो.

मालिकेतल्या पुढच्या खंडांचे गणित निराळे. जुन्या वाचकाला उजळणी नको असते, नव्याला आधीचे काही ठाऊक नसते. रोलिंग यांच्या 1998 च्या दुसऱ्या खंडात मागची माहिती न्याहारीच्या टेबलावर घुबडावरून झालेल्या भांडणात बेमालूम मिसळली आहे. 2000 साली आलेला चौथा खंड तर एका ओसाड वाड्याच्या म्हाताऱ्या माळ्यापासून सुरू होतो. हॅरी भेटतो तो पहिल्या प्रकरणाच्या अगदी शेवटी, दचकून जागा होताना. अनोळखी माळ्याच्या मागे एक प्रकरणभर चालायला तयार असलेला वाचक लेखिकेने आधीच्या तीन खंडांत कमावलेला होता. पहिल्या पुस्तकाच्या लेखकाला एवढी उधारी मिळत नाही.