आवासदान : घर माणसाच्या मापाचे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, हा आपणा सर्वांच्या दृष्टीने धन्यतेचा क्षण आहे. धर्मशाळा, पाठशाळा, गरजू कुटुंबांसाठी बांधलेल्या खोल्या, या कार्याचा यथोचित गौरव पूर्ववक्त्यांनी केलाच आहे. मी मात्र एका उणिवेकडे लक्ष वेधू इच्छितो आणि आरंभ स्वतःपासून करतो.

माझ्या कापडाच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. दोन्ही पायांनी अधू असलेले एक गृहस्थ तीनचाकी सायकलवरून वर्षानुवर्षे माझ्याकडे येत. मी नोकराकरवी तागे खाली पाठवी आणि ते रस्त्यावरच, धुळीत व उन्हात, कापड पसंत करीत. यालाच मी सेवा समजत होतो. एकदा मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी सारे कुटुंब आत गादीवर बसले आणि वधुपिता तेवढे खाली राहिले. "शेठजी, आज तरी आत बसून साड्या पाहाव्यात असे वाटत होते," एवढेच ते बोलले. चौघांनी त्यांना उचलून आत आणले. परंतु उचलून आणले जाणे आणि स्वतः येणे यांतील अंतर त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसले.

दुकानात माणूस घटकाभर येतो. घरात त्याला जन्म काढायचा असतो. मग जिथे उंबरठा ओलांडता येत नाही, न्हाणीघरात एकट्याने जाता येत नाही, अशा घरात त्याचे काय होत असेल?

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध, उपकरण आणि आवास असे चतुर्विध दान सांगितले आहे. ते मूलतः साधूंच्या वैयावृत्त्यासाठी असले, तरी त्यामागील करुणा सर्वांना कवेत घेणारी आहे. आहार आणि औषध या दोन दानांत आपला समाज कधीच मागे राहिला नाही. उपकरणदानाचे उदाहरण म्हणजे श्री. डी. आर. मेहता यांनी 1975 मध्ये जयपूर येथे स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती. तिने लाखोंना कृत्रिम पाय व साधने विनामूल्य दिली. आवासदानाचा अर्थ मात्र आपण चार भिंती आणि छप्पर एवढाच घेतला. शिबिरात आपण दिलेली चाकाची खुर्ची घराच्या दारातून आत जाते का, हे पाहण्यास कोणी गेले नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय योजनांतील घरांच्या वाटपात 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी 5 टक्के आरक्षण ठेवले. परंतु घर नावावर होणे आणि ते वापरता येणे या भिन्न गोष्टी आहेत. ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट. दार तीन फूट रुंद असावे, खुर्ची वळवण्यास पाच फुटांची मोकळी जागा असावी, शौचालयाचे दार बाहेर उघडावे, भिंतीला आधाराचा दांडा असावा. नकाशा काढतानाच हा विचार झाला तर एवढ्या घरातही ते साधते. बांधून झाल्यावर मात्र भिंत फोडावी लागते. कापड अंगाचे माप घेऊन बेतले जाते. घर मात्र राहणाऱ्याला न विचारताच बेतले जाते.

वणीकडून वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याचे आनंदवन फार दूर नाही. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. ज्यांची बोटे झडली होती, त्यांनीच तिथे विहिरी खणल्या, घरे बांधली, संसार थाटले. आश्रित म्हणून ठेवणे आणि गृहस्थ म्हणून वसवणे यांतील भेद आनंदवनाने आपल्याला शिकवला.

म्हणून माझी विनंती आहे की, सुवर्णमहोत्सवी प्रवेशद्वाराचे काम हाती घेण्यापूर्वी ट्रस्टच्या तळमजल्यावरील दोन खोल्या दिव्यांग कुटुंबांसाठी राखून त्या तशा करून घ्याव्यात. धर्मशाळेला उतार आणि एक सोयीचे शौचालय करावे. माप घेताना जे तिथे राहणार आहेत त्यांनाच आधी विचारावे.

माझ्या दुकानाच्या पायऱ्या दीड फूट उंच. एकास बारा या प्रमाणात उतारासाठी अठरा फूट लांबी हवी होती. समोर रस्त्यावर तेवढी जागा नव्हती. शेवटी बाजूच्या बोळातून, गोदामाच्या दाराने वाट काढली. एक कपाट हलवावे लागले, याहून मोठा त्याग मला करावा लागला नाही. मात्र ती वाट झाली तेव्हा ते गृहस्थ हयात नव्हते. वीस वर्षे ते कपाट तिथेच होते.

आपल्या ट्रस्टकडून असा उशीर होऊ नये, एवढीच प्रार्थना.